पास होईपर्यंत अनवाणी

— नाय घालायच्या म्हणजे नाय घालायच्या! बाई, तुम्ही वर्गात काय शिकवायचं ते शिकवा, इथं परीक्षेच्या दारात मला नका शिकवू. वणीच्या आईला बोललेय मी — माझा भिकन दहावी पास होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाय. दिवाळीपासनं चालतेय अशी, पंचवटीच्या बाजारात, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन. तुमच्या पोटात का दुखतं? पोराला ताण येतो म्हणे! कसला ताण? खायला घालते, त्याच्यापायी घासलेट जाळते, इकडची काडी तिकडं करू देत नाय. आन् तुम्ही म्हणता, खेळू द्या, झोपू द्या — मग भूमितीचा पेपर कोण, तुम्ही लिहिणार? झोप त्याला येतच नाय, मी काय करू! नाय म्हणजे… पडतो अंथरुणावर, पण मी कूस बदलली का हा जागाच. गुपचूप उठतो, माझ्या तळव्यांना तेल लावतो. मी आपली डोळे मिटून पडते — लावू दे की! आईचे हाल दिसले तरच पोरांना जाण येती. शेजारच्या लंकाबाईचा नाथा बघा, कुणी कधी बोललं नाय त्याला, आज हमाली करतोय.

आन् सकाळचं उलटतं ते पित्त हाय, दुसरं काय नाय. वर्गात चक्कर आली म्हणून मला बोलावून घेतलं होतं तुम्ही — उपाशी आला होता, म्हणून आली. ताटावर बसला का माझ्या पायाच्या भेगांकडं बघतो आन् घास खाली ठेवतो. त्याला मी काय करणार? बाई, आधीची दोन गेली माझी. हा देवीकडनं मागून घेतलेला, म्हणून भिकन. ह्याच्यापायी पाय झिजले तर झिजले! — काय? नापास झाला तर? शुभ बोला हो! …झालाच तर मरेस्तोवर अशीच फिरणार. बोललेय मी. त्याला? त्याला बी सांगितलंय. आज सकाळीच, हातावर दही-साखर ठेवताना — ध्यानात ऱ्हावं म्हणून. आता अशा काय बघताय माझ्याकडं? जसं काय मी त्याला…

कोण? कुठं? …भिकन? घंटा होऊन टाइम तरी झाला का! बाकीची सगळी पोरं आत लिहितायत आन् हा — भिंतीला धरून का चालतोय? पॅड कुठंय त्याचं? …बघा. माझ्या पायाकडंच बघतोय. लांबनं बी पायाकडंच बघतोय — बाई, काढा. तुमच्या चपला काढा आधी! बसतील नाय बसतील, तुम्हाला काय करायचंय? देवीचं मी बघून घेईन. द्या इकडं — आन् सरा बाजूला, माझं पोर येतंय.