बारा ते तीनचा अंधार

मंडळी, खाडीच्या अलीकडचे आलात, पलीकडचेही आलात. सतरंज्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण दारात उभे आहेत. याकोब मास्तर असते तर म्हणाले असते, आत या, जागा आहे. ते नेहमी तसंच म्हणायचे, आणि गेली कित्येक वर्षं या देवळात नुसती जागाच असायची. ती का असायची, ते सांगायला मी उभा राहिलो आहे.

मला बोलायची सवय नाही. मी दाविद, तुम्हाला खाडी पार करून देणारा नावाडी. "सरका" आणि "उतरा" एवढंच माझं बोलणं. पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांविषयी दोन शब्द बोला. दोन शब्दांत होण्यासारखं असतं तर मला अकरा वर्षं लागली नसती. मी मधेच अडलो तर थांबा. मी पुन्हा सुरू करीन.

मास्तर इथले प्रचारक. शाळाही तेच चालवायचे. मला अक्षरओळख त्यांनी दिली, वाळूवर बोटाने. माझा बाप ख्रिस्ती झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाप झाला, घर झालं, पण घरातल्या सगळ्या भित्या काही झाल्या नाहीत. त्या आमच्याबरोबर गुपचूप देवळात आल्या आणि मागच्या सतरंजीवर बसल्या. मास्तरांना हे माहीत होतं. ते हसून म्हणायचे, "दाविद, तुझा बाप्तिस्मा झाला रे, पण तुझी शेंडी पाण्याच्या वरच राहिली."

तुम्हाला उत्तम शुक्रवारची त्यांची रीत आठवते. प्रभूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी दुपारी बारापासून तीनपर्यंत सगळ्या देशावर अंधार पडला, असं शास्त्र सांगतं. पाळक लोक त्यावर उपदेश करतात. मास्तर उपदेश करीत नसत. ते दुपारी बाराला दारं लावायचे, खिडक्यांवर जुनं शीड टांगायचे आणि आपल्या सगळ्यांना तीन तास काळोखात बसवायचे. गाणं नाही, प्रार्थना नाही, खोकला आला तर पदरात. तीन वाजता ते एकदाच मोठ्याने ओरडायचे, माझ्या देवा, मला का सोडलंस. मग दार उघडायचे. बाहेरचं ऊन असं अंगावर यायचं की बायका डोळ्यांवर हात घ्यायच्या.

ते शीड माझंच होतं. मीच ते टांगायला मदत केली होती.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, मास्तर, ते गिरानच ना? सूर्याला गिरान लागलं असंल. मास्तर म्हणाले, "तू नावाडी ना? प्रभूला मारलं तो यहुद्यांचा वल्हांडणाचा सण. तो सण पुनवेचा. पुनवेला सूर्यग्रहण लागतं का?" मला माझीच लाज वाटली. अमावास्येशिवाय सूर्याला ग्रहण नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल. पुनवेला बाराची भरती, प्रतिपदेला पाऊणची, हे मला झोपेत विचारा. आणि मी तो अंधार ग्रहणाचा समजून बसलो होतो. मग मी विचारलं, ग्रहण नाही तर काय? ते म्हणाले, "कोणी म्हणतं सूर्याला लाज वाटली. कोणी म्हणतं बापाने लेकाकडून तोंड फिरवलं. मला ठाऊक नाही. पण तू कंदिलाच्या उजेडात जाळं विणतोस, आणि एकदम हातावर अंधार येतो. कशाने येतो?" मी म्हटलं, कोनी मधी आलं की येतो. ते म्हणाले, "मग कोणी गेलं म्हणून नाही येत ना अंधार? कोणी जवळ आलं म्हणून येतो."

मंडळी, मला तेव्हा ते समाधान वाटलं नाही. मला भीती वाटली. तुम्हीही घरी जाऊन विचार करा. दुपारचे बारा. सगळ्या देशावर अंधार. आणि कोणीतरी जवळ आलेलं.

आता त्या वर्षाचं सांगतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षं आधीचं. हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तम शुक्रवार आला. माझी बायको राहेल सहा महिन्यांची पोटुशी होती. माझ्या आईने आदल्या दिवसापासून धोशा लावला होता. "दाविदा, पोटुशी बाई हाय. दिवसाढवळ्या काळोख करून बसवताव तिला, ह्ये गिरानच हाय. तिला न्हेऊ नको." मी मंडळीचा पंच. आठच दिवसांपूर्वी मास्तरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, दाविदने घरातला अंधविश्वास मोडला. मी आईचं कसं ऐकू? मी राहेलला घेऊन गेलो. आई आली नाही. पण निघताना तिने माझ्या मुठीत दर्भाची एक काडी दाबली. म्हणाली, "तिच्या आंबाड्यात खोच, गिरान बाधायचं न्हाय. कुनाला कळनार न्हाय."

मी ती काडी फेकून द्यायला हवी होती. मी ती बंडीच्या खिशात ठेवली.

राहेल मागे, बायकांच्या शेवटच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून बसली. तिच्या उजवीकडे देवळाचा कोपरा. डावीकडची जागा माझ्या आईची, ती रिकामी. मास्तरांनी दार लावलं. भरती चढत होती. पाऊणच्या सुमारास पाणी जोत्याला लागलं, तुम्हाला तो आवाज माहीत आहे, कोणीतरी बाहेरून हळूहळू भिंत चाटत असल्यासारखा. आत तेवढाच आवाज आणि आपले श्वास. मी श्वास मोजायला लागलो. मोजू नये, मास्तर सांगायचे. बसलेल्यांपेक्षा जास्त भरतात. माझे जास्त भरले. मी पुन्हा मोजले. पुन्हा जास्त.

मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. राहेल ओरडली. "माज्या डोसक्यात हात हाय" म्हणून ओरडली. एकदाच. मास्तर पुढून, वेदीजवळून, स्पष्ट आवाजात म्हणाले, "घाबरू नका, बसून राहा." आणि राहेल एकदम गप्प झाली. तीन वाजता दार उघडलं तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं.

श्रावण लागायच्या आत मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. अंगावर पिता येईना. बोंडल्याने थेंब थेंब दूध घालावं लागे, त्यातलंही निम्मं नाकातून परत. गावाने एका दिवसात निकाल दिला. गिरान लागलं. आणि हे ग्रहण आभाळातलं नव्हतं, मास्तराने केलेलं होतं. त्याने काळोख केला, काळोखात बाहेरचं आलं, त्याने पोटुशीच्या डोक्यावर हात ठेवला. अर्ध्या घरांनी देवळात यायचं सोडलं. शाळेतली पोरं काढली. मास्तर रस्त्याने निघाले की मागून कोणीतरी म्हणायचं, "दे दान सुटे गिरान." तुमच्यातलेच होते म्हणणारे. मी नावं घेत नाही, कारण मी त्याहून वाईट केलं. मी म्हटलं, मास्तरांनी माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही.

आता ऐका. मला हे एकदाच सांगता येईल.

तो हात माझा होता.

मीच उठलो होतो. वहाणा काढून, भिंतीच्या कडेने, आईच्या रिकाम्या जागेवर गुडघा टेकला आणि राहेलच्या आंबाड्यात काडी खोचायला गेलो. माझा हात थरथरत होता. ती ओरडली, काडी सुटली आणि मी पळालो. बाहेरचं काही आलं नव्हतं. मास्तरांनी काही आणलं नव्हतं. या मंडळीचा पंच, मोडलेल्या अंधविश्वासाचा नमुना, तो दर्भ घेऊन आपल्या बायकोच्या डोक्याशी गेला होता. पोरगी तशी जन्मली तेव्हा मला वाटलं, प्रभूच्या मरणाच्या वेळी मी त्याच्यावर भरवसा सोडून काडीवर ठेवला, त्याचीच ही शिक्षा. हे कोणाला सांगू? त्यापेक्षा सगळे मास्तरांना बोलत होते ते बरं होतं. मी भित्रा होतो. दुसरा शब्द नाही.

मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा मास्तरांनीच मुंबईच्या एका डॉक्टरला पत्र लिहून ओठ शिवायची व्यवस्था केली. त्या सकाळी राहेल पोरीला घेऊन माझ्या होडीत बसली. मास्तर नव्हते. पलीकडे लागलो तर मास्तर काठावर उभे. मी होडीत घेणार नाही म्हणून पहाटेच उठून खाडीला वळसा घालून चालत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. त्यांनी राहेलच्या हातून पोर घेतली आणि दोघं रेवस बंदराच्या वाटेला लागली. तिथून आगबोटीने मुंबई. ही समोर बसली आहे ना, माझी मार्था, तिच्या ओठावरची शिवण बघा. मास्तर एकवीस दिवस इस्पितळाच्या पायरीवर झोपले, तेव्हा ती शिवण आली.

परत आल्यावर ते ओहोटीच्या वेळी माझ्याकडे आले. मी होडी खरवडत होतो. त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. आत ती काडी. देऊळ झाडताना सापडली होती. म्हणाले, "तू अनवाणी होतास, पण तुझी चाल लपत नाही. नावाडी माणूस जमिनीवरसुद्धा पाय फाकून, डुलत चालतो." म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मंग तुमी बोल्ला का न्हाय? ते म्हणाले, "मी सांगितलं तर माझं नाव सुटेल. तू सांगितलंस तर तू सुटशील. मला कशाची घाई आहे?"

मी त्या दिवशी त्यांना होडीत घेतलं, एवढंच केलं. बाकी काही केलं नाही. दर उत्तम शुक्रवारी ते बाराला दार लावून घ्यायचे, आत दोन-तीन म्हातारी माणसं. राहेल आत पाऊल टाकत नसे. बाहेर पायरीवर उन्हात बसून राहायची. मी होडीत. आम्ही तिघेही तीन वाजायची वाट बघायचो, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण वाट बघतो हे दुसऱ्याला ठाऊक नाही.

शेवटी मास्तरांचे दोन्ही डोळे गेले. गेल्या सोमवारी मी भेटायला गेलो तर माझ्या पावलावरून त्यांनी ओळखलं. "दाविद, बारा वाजले का रे?" म्हटलं, न्हाय मास्तर, आता कुठं नऊ होतायत. म्हणाले, "मग अजून वेळ आहे." मला कळलं ते काय म्हणत होते. मी उद्या मंडळीला सांगतो म्हटलं. उद्या ते नव्हते. मंगळवारी दुपारी बाराला त्यांनी बोलणं थांबवलं आणि तीनला श्वास. हे मी रचून सांगत नाही, त्यांच्याजवळ बसलेले इथे आहेत.

म्हणून आज सांगतो, तुम्हा सर्वांसमोर, या देवळात. याकोब मास्तरांनी कोणावर काही आणलं नाही. ज्यांनी पोरं काढली, पाठ फिरवली, गिरान म्हणून हाका मारल्या, त्यांनी ते माझ्या गप्प बसण्यामुळे केलं. तो राग मास्तरांवरून काढा आणि माझ्यावर ठेवा. मास्तरांची मी क्षमा मागतो. ती मला मिळाली की नाही, हे कळायची सोय मी ठेवली नाही.

एक राहिलं. ते सांगावं की नाही, रात्रभर ठरत नव्हतं. राहेलने सकाळी सांगितलं, सांगा.

मास्तरांना मातीत ठेवून आम्ही घरी आलो तेव्हा मी हे सगळं तिला पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं, रडेल, बोलेल, माहेरी जाते म्हणेल. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "डोसक्यातला हात थंड हुता. थरथरत हुता. तो तुमचाच असंल." मी म्हटलं, व्हय, माझाच. ती म्हणाली, "मी वरडल्यावर तुमी पळालात. मंग दुसरा आला. कोपऱ्याच्या अंगानं. पोटावर ठेवला. ऊन ऊन हुता, अजाबात हालत नव्हता. म्हनून मी गप झालो. तीन वाजंपरयंत तो तसाच हुता. बाईमान्सानं पोटाचं कुनाला सांगावं, म्हनून सांगितला न्हाय." आणि मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तो कुनाचा?"

तिच्या उजवीकडे भिंतीचा कोपरा होता. मास्तर वेदीजवळ होते, त्यांचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकला. मी माझ्या जागेवर परत जाऊन दोन्ही हात काखेत दाबून बसलो होतो. अकरा वर्षं तिला एका हाताची भीती वाटली आणि एका हाताची वाटली नाही, आणि जो भीतीचा होता तो माझा निघाला.

आता सर्वांनी उभे राहा. म्हातारे बसले तरी चालेल. मास्तरांसाठी आपण थोडा वेळ गप्प राहू. डोळे मिटा. श्वास मोजू नका. आणि शेजारी कोण उभं आहे, ते वळून बघू नका.