दोन आडनावांच्या फायली

नाही नाही, त्या खुर्चीत नको, वकीलबाई, तिथे तिचे एक्स-रे आहेत — इकडे बसा. हे झेरॉक्स काढायला खाली गेलेत, येतीलच. बघताय ना घर? लग्नाला चार महिने झाले, पण जेवणाच्या टेबलावर माझं ताट अजून लागलेलं नाही — तिथे ती पसरलीये, फायली-रिपोर्टांच्या रूपात. यांची पहिली बायको. आम्ही आपले मांडीवर ताटं घेऊन जेवतो. तोंडी लावायलाही तीच — गाठ हाताला कधी लागली, डॉक्टर काय म्हणाले, कॅन्सरचा रिपोर्ट नऊ महिने कुठे पडून होता... गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, कळतं मला. पण जिवंत सवतीशी भांडता तरी येतं हो! हिच्याशी काय भांडणार? बघावं तेव्हा फोटोत हसतेय.

ओळख ना? हॉस्पिटलातच झाली. मी रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर होते. ती गेल्यावर हे रोज यायचे, रिपोर्ट मागायला. सगळ्यांनी हात वर केले — गहाळ झाला म्हणे. मी उठले आणि अर्ध्या मिनिटात काढून दिला. तेव्हापासून यांच्या तोंडी एकच — तू होतीस म्हणून हॉस्पिटलवर केस उभी राहिली. लग्नाचंही विचारलं ते त्याच खिडकीत.

सापडला कसा म्हणजे? त्यात काय अवघड! तिच्या दोन फायली होत्या ना — एक माहेरच्या आडनावाची, एक सासरच्या. जुनं कार्ड टाकून द्यायचं, तर नाही — पर्समधून हाताला येईल ते पुढे करायची. गाठीचा तुकडा तपासायला गेला माहेरच्या कार्डावर, आणि डॉक्टर उघडून बसले सासरची फाईल. रिपोर्ट नाही, म्हणजे काही नाही, असं धरून चालले. मग चूक कुणाची? तिचीच, नाही का? — हो, नियम आहे, दोन कार्डं दिसली की खिडकीवरच सांगायचं, फायली जोडायच्या. पण सांगणार कुणाला? बाईसाहेब हसण्यात दंग! हे तिची लाल पर्स खांद्याला अडकवून उभे — लाज म्हणून नाही — आणि भर रांगेत खाली वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावून दिला. भर रांगेत! माझ्या चपलेचा पट्टा आजवर कुणी... मी मान खाली घातली, शिक्का मारला. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी जोडू.

पुढच्या वेळी ती व्हीलचेअरवर आली.

... अशा काय बघताय? खिडकीवर आम्ही तिघीजणी असायचो, कुणीही असेल त्या दिवशी. नाही — हे नका लिहू. खोडा ते. खोडा म्हणते ना! लिफ्ट थांबली — वही मिटा, वकीलबाई, पाया पडते —

आलात? या ना. काही नाही हो, तिच्याबद्दलच बोलत होतो आम्ही.