ओला कोपरा

गालिचे धुण्याच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या.

“मांजराने मुतून गालिचा घाण केलाय हो! व्हिनेगर झालं, सोडा झाला, वास काही जात नाही.”

“ताई, डाग ताजा आहे. हा कोपरा अजून ओला लागतोय.”

“भलतंच काय! मांजर पंधरा दिवसांपूर्वीच बहिणीला देऊन टाकलं.”

“हात लावून बघा.”

“अगं बाई! खरंच की!”

“घरात आणखी कोण असतं?”

“मी आणि बाबा, बस्स.”

“गालिचा कुठे असतो?”

“बाबांच्या पलंगाजवळ.”

दुकानदाराने तो ओला कोपरा हळूच आत दुमडला.

“मांजर नेताना ते रडले हो. ‘त्याला नको पाठवूस, त्याची चूक नाही,’ म्हणत होते. मी त्यांच्यावरच खेकसले.”

“गालिचा कधी हवाय, ताई?”

“राहू दे तो. मी आधी घरी जाते.”