गुंजनचा मानिटर, मामाजींचा टीव्ही

हॅलो? हॅलो… कोन, नीतू? अवं जोरानं बोल व, इथं दुकानात सात टीव्ही एकदमच बोंबलून राहिले… हां, आता आलं ऐकू. बोल.

तुमसरातच हाय. धनराजभाऊच्या दुकानात… नाई ना घेतला अजून! अकरा वाजल्यापासून उभी हाय मी, पायाचे तुकडे पडले. गुंजन हाय सोबत, मामाजी बी हायत… हो, त्यायले बी आनलं. करडीवरून ऑटोनं. आम्ही दोघी मायलेकींनी धरून चढवलं. टीव्ही त्यायच्यासाठी, मंग त्यायले न दाखवता कसा घ्यावा? सासरा हाय माहा.

अवं ऐक ना… ऐक तं खरं! मोठा टीव्ही घे, मोठा टीव्ही घे, कवापासून तेच लावलं तू. घरात मोकळी भिंत किती, एक. पडदा बी एकच घ्यायचा. दिवसा त्याच्यावर गुंजनचं कॉम्प्युटर, सांजच्याले मामाजीचा टीव्ही. दोन्ही कामं एकातच झाली पाहिजेत… हो, जुना तं विजेनं गेला ना, पोळ्याच्या आधीच.

लॅपटॉप हाय ना तिच्यापाशी. पन केवढुसा तो!… तुले सांगितलं नाई का तिनं? नकाशाचं काम व. आकाशातून काढलेला फोटो येते, त्याच्यावर रेघा मारून दाखवाचं, एवढं पानी, एवढं शेत, हा रस्ता. घरी बसून करता येते. पन परीक्षेचा नमुना दोनदा वापस आला नीतू. दोनदा! काम देनारी मॅडम म्हनते चुकलं. कुठी चुकलं ते सांगत नाई. आज पाचच्या आत तिसऱ्यांदा द्यायचा, नाई जमलं तं काम दुसऱ्याले. मंग पोट्टी पुन्याले जातो म्हनते, कंपनीत डबे भराले. सगळे कपडे बी काढून ठेवले तिनं. कसं करू मी, सांग?

रडून नाई राहिली… नाई म्हटलं ना!

बरं, आता या पडद्याचं ऐक. धनराजभाऊनं पयले मोठा टीव्ही लावला. दुरून पाह्यला तं राजा! पन गुंजन त्याच्यासमोर जवळ बसली, तं अक्षरायले मिशा फुटल्या. खरंच सांगतो, एकेक अक्षर केसाळ. भाऊ म्हनते, टीव्ही दुरून पाहाले असते बाई, टेबलावर ठेवून वाचाले नाई… हो ना, मले तरी कुठी मालूम होतं!

मंग मानिटर काढला. अक्षर कसं, सुईच्या टोकासारखं! पन मुका. …अवं मुका म्हनजे आवाजच नाई त्याले. आन आपला डिशच्या छत्रीचा डब्बा जुना, त्याच्या लाल-पिवळ्या पिना खुपसाव्या म्हटलं तं मागं तसली भोकंच नाई. मामाजी म्हनतेत, "हे तं आरसा झाला. घरात एक हाय ना आरसा." सारं दुकान हासलं.

आता तिसरा काढून राहिले भाऊ. बत्तीस इंची. हा म्हनते दोन्ही हाय. रिमोट हाय, आवाज हाय, मोबाईलच्या नेटवर टीव्ही बी लागते, डब्ब्याचं कामच नाई. आन कॉम्प्युटर लावलं तं अक्षर बी साफ… आता मले काय मालूम, दुकानदार तं सगळंच चांगलं सांगते. थांब, गुंजन लॅपटॉपची वायर लावून राहिली. तो नमुन्याचाच फोटो लावते…

अगं बाई!

…नाई नाई, काही पडलं नाई. अवं नीतू, काय सांगू व तुले! अख्खा तलाव उभा राह्यला समोर. सिहोऱ्याकडला हाय म्हनते. काठच्या पाळीवरचं एकेक झाड मोजून घे. झाडाच्या सावल्या दिसून राहिल्या व, सावल्या! माहं तं तोंडच बंद होत नाई.

थांब… मामाजी उठले. …हो, आपल्या आपन. काठी खुर्चीलेच राह्यली. दोन वर्सं झाले नीतू, गुडघे गेले तवापासून मानूस भिंतीले पाठ लावून बसला. जेवा म्हटलं तं जेवते, झोपा म्हटलं तं झोपते. आन आता पाह्य…

चूप राह्य जराशी, काय म्हनतेत ऐकू दे.

"हे हिरवं काय दाखवलं व तू?" गुंजन म्हनते, धान. मामाजी म्हनतेत, "धान हाय तं धुरे कुठी हायत?"

…अवं हो! खरंच व नीतू! धानाची बांदी म्हटली का चारी बाजूनं मातीचा धुरा असतेच, पानी कायनं अडन मंग? आन त्या हिरव्यात एक बी धुरा नाई. सारं सपाट. मामाजी म्हनतेत, "शिंगाडा हाय हा. वेल पसरला पान्यावर. खाली पानी हाय बाई, शेत नाई."

तिनं शेत म्हनून कापून टाकलं होतं ना ते! अर्धा तलावच कापला पोट्टीनं!

आन आता रस्ता… थांब, ते बी सांगून राहिले. हिरव्याच्या मधातून एक पट्टी गेली, गुंजननं तिले बैलबंडीचा रस्ता दाखवला होता. मामाजी हासून राहिले. नीतू, मामाजी हासून राहिले व! म्हनतेत, "पान्यातून बंडी कशी जाईन? डोंग्याची वाट हाय ते." शिंगाडे तोडाले लाकडी डोंगा आत घालाव लागते, म्हनून वेलात मोकळी पट्टी सोडतेत… तुमच्या अड्याळले नसन कोनी सोडत, आमच्याइकडं सोडतेत. चार पिढ्या शिंगाडे तोडले आमच्या घरानं, आन आमचीच पोट्टी डोंग्याच्या वाटेले रस्ता म्हनून बसली! पन तिचा बी काय दोष? लॅपटॉपवर ते रेघ केसाएवढी दिसे.

काय?… कवाच नाई. तो तलाव त्यायनं जनमात पाह्यला नाई! सिहोऱ्याकडं गेलेच नाईत कवा. तेच तं म्हनून राहिली मी. पाह्यला नाई आन बोट ठेवून सांगून राहिले, इथून सांडवा, इथं गाळ भरला, हे काळं दिसते तिथं खोल, मरळ इथंच बसली असन. आकाशातून पाहून! डोंग्यात बसूनच पाह्यलं ना त्यायनं पानी सारी जिंदगी. मंग वरून कसं ओळखलं?

बावीस वर्सं झाले मले या घरात. रोज चहा देतो या मानसाले, आन त्याच्या डोक्यात हे एवढं हाय, मले मालूमच नव्हतं. लाज वाटून राहिली मले.

ऐक, किती चूप झालं… धनराजभाऊनं बाकीचे टीव्ही बंद केले. गिऱ्हाईकं बी उभी हायत मागं. फ्रिज पाहाले आलेले लोकं मामाजीले पाहून राहिले.

…हो, गुंजन नव्यानं रेघा मारून राहिली. साडेचार झाले… नको व, तू कायले येतं? अड्याळवरून येतवरी सहा वाजतीन. बस, फोनवर राह्य तू. मले भेव वाटते.

गेला! पाठवला. दुकानाच्या नेटवरून गेला.

आता थांबनं आलं… ते मामाजी काही बोलले तिले. काय म्हनतेत व गुंजन?… "आपला दाखव" म्हनतेत. करडीचा तलाव. शोधून राहिली… आला. आला व नीतू! ते आपली पाळ, ते घाट, धुनं धुवाचा.

…मामाजी पडद्याजवळ सरकले. दोन वर्सानं पाह्यला ना. घरून दहा पावलं नाई, पन गुडघ्यानं जाऊ नाई देल्लं. हात जोडले त्यायनं. पडद्याले. धनराजभाऊनं बी टोपी काढली, पाह्य.

हॅलो? हाय व, हाय मी.

थांब थांब, वाजलं! मॅडमचं असन. वाच व गुंजन, जोरानं वाच… काय?… काय म्हनते?

पास! नीतू, पास झाला! बरोबर हाय म्हनते, सोमवारपासून बारा तलाव पाठवतो म्हनते! आन विचारून राहिली, तुमच्यासोबत जानकार कोन हाय? …गुंजननं लेहून टाकलं. आसाराम, माझे आजोबा. हो, हो, रडून राहिली मी, आता खरंच रडून राहिली.

घेतो ना, हाच घेतो. बत्तीसचा… दुरून दिसन का? थांब, त्यायलेच विचारतो. मामाजी! भिंतीपासून टीव्ही दिसन ना तुम्हाले याच्यावर?

…

ते म्हनतेत, भिंतीपाशी कायले बसू? म्हनतेत, माही खुर्ची पोट्टीच्या बाजूनं टाक, आन सोमवारी कामावर किती वाजता बसाचं तेवढं सांग.

…ठेवतो व नीतू. धनराजभाऊले पैसे देतो.