आई कुठंय?

…नाही, पण मी काय म्हणते, बाप म्हणजे काय पोर पळवून नेणारा माणूस असतो का हो? सांगाच तुम्ही मला! गेल्या आठवड्यापासून माझं डोकं असं तापलंय की वर पातेलं ठेवलं तर चहा होईल! तुम्हाला सांगते, आमचा धाकटा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, तीन वर्षं झाली, घरी राहून पोरीला वाढवतोय. कुणी लादलेलं नाही. भावजय वीज कंपनीत, तारा जोडायला खांबावर चढते. तिचा जीव त्या कामात, ह्याचा ऑफिसात कधी रमलाच नाही, दोघांनी बसून ठरवलं, संपला विषय! …संपला? छे हो! त्यांचा संपला, लोकांचा तिथून सुरू झाला!

लस द्यायला नेली, की सिस्टर ह्याच्या खांद्यावरून मागं बघतात, "आई कुठंय?" चपलांच्या दुकानात गेला, "आई कुठंय? माप आईला माहीत असेल ना!" अहो, माप कशाला, पाय सोबत आणलाय की पोरीनं! शेजारच्या काकू तर जिन्यात गाठूनच विचारतात, "आजपण तूच? आई कुठंय?" आणि मग आवाज बारीक करून, "नोकरी मिळत नाहीये का रे?"

तर त्या दिवशी हा पोरीला घेऊन त्या मोठ्या तीन मजली दुकानात गेला. आमची भिंगरी हो, साडेतीन वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. गेला कशाला? पोरीच्या चड्ड्या आणायला! आता तिथं दारापाशी एक घोडा आहे, नाणं टाकलं की डुगडुगतो. एकदा बसवलं. पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा हा म्हणाला, "आता पुरे, राणी." बस्स! राणीनं फरशीवर लोळण घेतली आणि असा सूर लावला की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली. "मला आई पाहिजेऽऽ!" आता पोरं म्हणतातच की हो असं! आईनं घोडा नाकारला असता तर बाबा पाहिजे म्हणाली असती!

हा मुकाट तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. नेहमी तसंच करतो. ओढत नाही, ओरडत नाही, तिचं रडून होईपर्यंत बसतो. आणि तिथंच चुकलं त्याचं! एक धपाटा घातला असता ना, तर सगळे म्हणाले असते, हां, बाप आहे!

एक बाई आल्या. गॉगल डोक्यावर चढवलेला, दोन्ही हातांत पिशव्या. ह्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट पोरीपुढं वाकल्या, आवाजात साखर घालून, "काय झालं गं सोन्या? आई कुठंय?"

भिंगरी हुंदके देत म्हणाली, "खांबावर!"

"कुठं?"

"खांबावर!"

बाईंनी ह्याच्याकडे पाहिलं. हा म्हणाला, "हो, खांबावरच आहे ती." खरं तेच बोलला हो! पण खरं बोललेलं कधी कधी किती खुळ्यासारखं वाटतं! बाई दोन पावलं मागं सरल्या आणि पोरीला हळूच विचारतात, "बाळा, हे काका कोण आहेत?"

आता ज्या माणसानं घोडा नाकारलाय, त्याच्याबद्दल ती काय बोलणार? नाक वर करून म्हणाली, "मला नाही माहीत!"

झालं! सिक्युरिटीवाला आला, भलीमोठी मिशी. "साहेब, जरा बाजूला या."

"अहो, मी तिचा बाबा आहे."

"ते बघू नंतर. आई कुठंय?"

"कामावर. वर असताना ती फोन उचलत नाही."

"वर म्हणजे?"

"खांबावर!"

गर्दीतले एक आजोबा मान हलवत म्हणतात, "हल्ली असंच सांगतात." असंच? अहो आजोबा, हल्ली पोरं पळवणारे बायको खांबावर आहे म्हणून सांगतात? ह्यानं फोन काढला, पोरीचे ढीगभर फोटो दाखवले, जेवतानाचे, झोपेतले, नाकात बोट घातलेले… तर मिशीवाला म्हणतो कसा, "एवढे फोटो कशाला काढलेत?" बघा! फोटो नसते तर बाप नाही, आणि आहेत तर कशाला आहेत!

आणि मग… त्या गॉगलवाल्या बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पोरीला उचललं. सरळ उचललं! हा झेपावला, तर मिशीवाल्यानं दंड धरला. मग कुठला घोडा आणि कुठला राग! पोरगी पांढरीफटक. हात लांब करून ओरडतेय, "बाबा! मला नको घोडा! बाबाऽऽ!" अख्ख्या दुकानानं ऐकलं! आणि बाई काय म्हणाल्या असतील? "घाबरलीय बिचारी!"

"माझी पोरगी द्या!" आमचा धाकटा ओरडला. जन्मात कधी आवाज चढवला नाही त्यानं! लगेच मागून कुणीतरी, "बघा, कसा अंगावर येतोय!" तेव्हा त्याला कळलं हो, की आपण जितकं ओरडू तितकी पोरगी लांब जाणार. गिळला राग. दंड दुसऱ्याच्या मुठीत, आणि हा लांबूनच तिला सांगत राहिला, "मी इथंच आहे राणी. कुठं जात नाही."

शेवटी वीज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला, तिथून निरोप गेला आणि भावजय आली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याला पकड लटकतेय, बुटांना चिखल. मिशीवाला सावधान! "मॅडम, हे तुमचे मिस्टर?"

"मग कुणाचे? आणि माझी पोरगी ह्या बाईंच्या कडेवर काय करतेय?"

भिंगरी कडेवरून घसरली, आईच्या बाजूनं पुढं पळाली आणि बाबाच्या गळ्यात पडली. शर्टाची कॉलर काही सोडेना.

आता तरी लाजावं ना माणसांनी? लाजायचं नाव नको! त्याच गॉगलवाल्या बाई, त्याच तोंडानं भावजयीला म्हणतात, "किती नशीबवान गं तू! नवरा पोर सांभाळतो! आमच्या ह्यांना मुलं कितवीत आहेत ते माहीत नाही!" आजोबा म्हणतात, "पण काय हो, एवढं लेकरू टाकून खांबावर चढायचं म्हणजे…" मॅनेजर धावत आला, हात जोडले, माफी मागितली. कुणाची? भावजयीची! "मॅडम, तुम्हाला उगाच त्रास झाला!" आणि ज्याचा दंड आवळून धरला होता, तो आपला बाजूला पोरीचं नाक पुसत उभा!

संध्याकाळी माझ्याकडे आला. दंडावर बोटांचे वळ. मी तर पदरच खोचला, तक्रार करू, पेपरात देऊ, त्या बाईंना शोधून काढू! त्यानं सगळं ऐकून घेतलं, मांडीवर पोरीला थोपटत. मग म्हणाला, "ताई, ते करू गं. पण शनिवारी हिला बागेत न्यायचंय. तू येशील?"

"मी काय करू तिथं?"

"काही नाही. नुसती जवळ थांब."

गेले हो. काय करणार? हा झोका देतोय, बूट घालतोय, पाणी पाजतोय, घसरगुंडीखाली हात पसरून उभा राहतोय… आणि मी बाकावर, पाय पसरून, मोबाइल बघत. कुणी येऊन एक अक्षर विचारलं नाही! फक्त निघताना एक बाई जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती छान सांभाळता हो तुम्ही पोरीला!"

मी तोंड उघडलं. अशी सुनावणार होते ना! पण लांबून धाकट्यानं नुसती मान हलवली… राहू दे.

मग काय? म्हटलं, "हो ना! फार दमायला होतं!"