नथीचा मासा

हळू, सायेब, हळू — आवो मनगाट हलवा, खांद्यानं काय मोट वढताय? हां, असं. गळाला बांधलेली ती पिसाची माशी पान्यावर टेकली पायजे, आपटाया न्हाई पायजे. खडस मासा लई संशयी जात. तुमची सावली दिसली तरी बुडी मारंल, मंग बसा सांजपातूर त्येची आराधना करत. आन् पुन्यांदा सांगतो, लागला तर जिता पायजे. वल्ल्या हातानं धरायचा, ओठ फाटू द्यायचा न्हाई. आळंदीच्या एका शेटला हिरीत सोडाया पायजे हाय — आता हसाया काय झालं? असत्यात एकेकाचे षोक. तुमी न्हाई का सुट्टीचं घरी झोपायचं सोडून हितं गुडघाभर पान्यात हुबं?

मी का न्हाई धरत? बरं इचारलंत. भोयाची जात, नदीत वाढलो, आन् मासा धराया पुन्याच्या सायबाला आनतो — चमत्कारिक वाटनारच. दर साली दसऱ्यापास्नं तुमच्यासारख्यास्नी घिऊन हिंडतो. पिंपरीकडं कारखानं झाल्यापास्नं तर दर ऐतवारी कोनतरी फिरकीची काठी घिऊन दारात हजर — कोंडाजी, चल, मासा दाव. समद्यांस्नी वर धोंड्यांत नेतो. तितं पानी खळाळतं, मासा गावतो, सायेब खूश, कोंडाजी खूश. ह्या डोहावर मातर कुनाला आनलं न्हाई. आता चैत लागला, वरचं पानी आटलं, जो काय मासा हाय त्यो हितंच. म्हनून तुमाला आनलं. तुमची माशी वरच्यावर तरंगती, तळाला जात न्हाई — तेवढ्यासाठीच. तळाला काय हाय? काय न्हाई. गाळ हाय. तुमी माशीकडं बघा.

ऱ्हाऊ द्या ती पिशवी, त्यात गळ हाय माझा. बघायचाच हाय? बघा मंग. न्हाई वो, एवढा मोटा गळ माशाला कशाला? बुडालेलं मानूस काढायचा गळ हाय त्यो. मोशीपास्नं तुळापूरपातूर कुटंबी कोन बुडालं, की पाटलाचा मानूस पळत येतो — कोंडाजीला बलवा. दोरी हातात आली की मला वजन कळतं. लाकूड अडतं, हिसका देतं. मानूस गुमान वर येतं. पैलं कापड दिसतं, मंग बाकीचं. काठावर मानसं हंबरडा फोडत्यात, पन मढं मिळालं की रडून मोकळी हुत्यात बघा. जाळाया कायतरी लागतं, सायेब. ज्येला तेबी मिळत न्हाई, त्येनं काय — जाऊ द्या. टाका. त्या उंबराच्या सावलीत टाका.

व्हय, माझीच लेक. कसं वळखलंत? शालन. एकुलती. महाळुंग्याला दिली हुती, पंचमीला म्हायेरी आलेली. पूर न्हाई, वादळ न्हाई, धुनं घिऊन आली आन् ह्या समोरच्या धोंड्यावरनं पाय सटाकला. पिळलेली लुगडी तशीच धोंड्यावर. मी गळ टाकला, लई टाकला, हाताची सालं निघाली — न्हाई गावली. जगाची लेकरं काढली मी ह्या नदीतनं, आन् माझं न्हाई! आमची रुक्मिणी, तिची आय, म्हनाली, मढं न्हाई तर मेली न्हाई, लागली आसंल कुटंतरी काठाला. दहावं घालू देईना. जावयानं दुसरी केली तर त्येच्या दारात जाऊन सात पिढ्या उद्धारल्या. मंग एक दिस म्हनाली, खडस आना. आनला. तिनं नाकातली नथ काढली, माशाच्या ओठात घातली आन् डोहात सोडला. ह्यो जिता तवर माझी पोर जिती, म्हनाली. आता काय बोलावं? भोयाच्या बाईनं माशाच्या भरवशावर जीव टांगावा? मासा कधी कुनाचा झालाय का?

रोज सकाळी चुरमुरे टाकती. मासा वर आला, सोनं चमाकलं, की घरी येऊन चूल पेटवती. त्योच मासा? खुळं का काय, सायेब! त्यो पयल्याच उन्हाळ्यात मेला. मलाच दिसला काठाला, पोट वर करून. नथ काढली, वरनं धोंड्यांतनं दुसरा धरला, घागरीतनं आनला, नथ घालून सोडला. त्येच्या मागनं तिसरा. त्यो बारका गावला तर म्हनाली, औंदा वाळलीया वो. वाळलीया! मासा न्हाई म्हनत ती. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली. — हे मी कुनापाशी बोललो नव्हतो, आज कसं तोंडातनं गेलं कुनास ठावं. शेटबीट कोन न्हाई, सायेब. नथ ही बघा माझ्या चंचीत. तिसराबी मेला. चुरमुरे तसंच भिजत्यात आन् ती बसून ऱ्हाती. अन्नाला शिवली न्हाई. आज मासा गावला न्हाई तर बाई जाती माझी.

मी टाकीन की गळ. पन त्या दिसापास्नं ह्या डोहात माझी दोरी गेली न्हाई. भ्या वाटतं. जड लागलं तर? गुमान वर आलं तर? एवढ्या दिसांनी काय ऱ्हातंय, मला कळत न्हाई व्हय? पन सपनात येतंच की वर. रोज येतं. पैलं कापड —

लागला! वढू नका! सोडा फिरकी, जाऊ द्या, जाऊ द्या त्येला — दमू द्या. आता घ्या. काठी वर, काठी वर! शाब्बास रं माझ्या वाघा! माफ करा, सायेब, एकेरी आलं तोंडात. हिकडं आना, मी धरतो. बघा कसा हाय, तांब्यासारखा! द्या ती नथ, ती काय खाली — अगं.

अगं रुक्मे, तू कवाची हुबी हितं? ह्यो... सायेब मासा बघत हुतं, म्हनून मी... काय? पयल्या माशाची शेपटी तुटकी हुती? मंग तवाच का न्हाई बोललीस? मी घागरी घिऊन पळत हुतो ते बघत बसलीस, आन् वर मलाच सांगतीस वाळलीया म्हनून?

काय म्हनलीस? माझ्यापायी गप बसलीस?

मला? मला कुटं वाटत हुतं ती जिती हाय? मी तर तुझ्यासाठी... रुक्मे, रडू नगंस. रडू नगंस गं.

घे. तुझी नथ हाय, ठेव पदराला बांधून. सोडा त्यो मासा, सायेब. सोडा म्हनतो ना. उगा मुक्या जिवाला कशाला आता? काठी उचला आन् निघा. न्हाई, हात नका लावू, शिवू नका आमाला. आमच्या घरात सुतक हाय.