धडधडीची भीती

स्वतःचा प्रश्न स्वतःच खोडायला काय लागतं, ते आमच्या वैशालीकडून शिकावं. ती मानसशास्त्र शिकवते आणि सध्या मराठीत एक प्रश्नावली तयार करतेय. माणूस घाबरला की छाती धडधडते. काही जण मग त्या धडधडीलाच घाबरतात. ही दुसरी भीती तिला मोजायचीय.

प्रश्न लोकांना नीट कळतात का, ते बघायला आम्ही समुद्रकाठच्या मुर्ध्याला गेलो. ‘छातीत धडधडलं की भीती वाटते का?’ भेटेल ती बाई म्हणाली, हो, खूप. मी खूश. म्हटलं, झालं की काम. वैशालीला मात्र चैन पडेना. मासळी सुकत घालणाऱ्या एका मावशींना तिने विचारलं, “मागे कधी धडधडलं होतं, मावशी?”

“परवा. वारा सुटला, नि पोराची होडी रातीपर्यंत काय आली न्हाय.”

वैशालीने तिथेच प्रश्नावर काट मारली.

“अगं, सगळ्यांनी उत्तर दिलंय,” मी म्हटलं.

“त्यांचं उत्तर बरोबर आहे, माझा प्रश्न चुकलाय. ही भीती पोराची आहे, धडधडीची नाही.”

मग मावशींशेजारी बसून तिने नव्याने विचारलं, “समजा, पोरगा घरी आहे, सगळं ठीक आहे, आणि उगाचच छाती धडधडली. त्या धडधडीचीच भीती वाटेल?”

मावशींनी हातातली मासळी खाली ठेवली. “धडधडीला कशाला भ्यायचं? ती थांबली तर भ्यायचं.”

वैशालीने ‘अजिबात नाही’पुढे खूण केली आणि मला म्हणाली, “हा प्रश्न राहील.”